बुधवार ते मंगळवार: पॅरिसमध्ये सिनेमाचा एक आठवडा

पॅरिसमधल्या अनेक अभ्यासक्रमांना फेब्रुवारीच्या आसपास एक आठवड्याची सुट्टी असते. वर्गातली मुलं स्कीइंगला जातात, नाहीतर आपापल्या गावी. आपल्याला आठवड्यासाठी भारतात जाणं परवडत नाही. बाहेर थंडी, सहाच्या सुमारास अंधार, आणि राहायला नऊ-दहा चौरस मीटरची खोली. माझ्या पहिल्या वर्षी तो आठवडा मी सिनेमे बघत काढला. सात दिवसांत अकरा सिनेमे, सात थेटरं. त्या आठवड्याआधी मला फक्त कॉलेज, खोली आणि किराणा दुकान एवढंच पॅरिस माहीत होतं. त्यानंतर मात्र शहराचे रस्ते पायांखालचे झाले आणि फ्रेंच कानाला ओळखीची वाटू लागली. म्हणून नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सुचवते. कसं करायचं ते इथे सविस्तर सांगते.

आधी कॅलेंडर बघा

फ्रान्समध्ये नवे सिनेमे बुधवारी लागतात. आपल्याला शुक्रवारची सवय असते, त्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही. यामागचं कारण शाळांमध्ये आहे. १९७२ मध्ये फ्रेंच शाळांची आठवड्यामधली सुट्टी गुरुवारवरून बुधवारवर आली, आणि मुलं त्या दिवशी मोकळी असतात म्हणून सिनेमेही बुधवारी प्रदर्शित होऊ लागले. तेव्हापासून थेटरांचा आठवडा बुधवार ते मंगळवार असाच चालतो. तुमचा आठवडाही तसाच आखा. सोमवारी सुरुवात केलीत तर दोनच दिवसांत सगळं वेळापत्रक बदलतं आणि ठरवलेले अर्धे सिनेमे हातातून जातात.

इथे एक अडचण येते. मेट्रोचा आठवड्याचा नाव्हिगो पास सोमवार ते रविवार चालतो, घेतल्यापासून सात दिवस नाही. विद्यार्थ्यांचा वर्षभराचा ‘इमाजिन आर’ पास असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बुधवारी किंवा गुरुवारी त्या आठवड्याचा पास घ्या (शुक्रवारपासून चालू आठवड्याचा पास मिळत नाही) आणि सोमवार-मंगळवारसाठी खोलीपासून चालत जाता येईल अशी थेटरं राखून ठेवा.

वेळा बघायला अलोसिने हे संकेतस्थळ पुरेसं आहे. पण मी पहिल्या बुधवारी किऑस्कवरून ‘लॉफिसिएल दे स्पेक्ताक्ल’ विकत घेतलं होतं. छोट्या आकाराचं साप्ताहिक, पॅरिसभरच्या थेटरांचे खेळ एका ठिकाणी छापलेले. त्यावर पेन्सिलीनं खुणा करत बसलं की कुठलं थेटर कुठल्या थेटराजवळ आहे, जुने सिनेमे कुठे लागतात, हे डोक्यात पक्कं होतं. फोनवर एकेक नाव शोधून ते होत नाही.

व्हीओ की व्हीएफ

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा थांबून सांगते. सिनेमाच्या नावापुढे व्हीओ किंवा व्हीएफ असं लिहिलेलं असतं. व्हीओ म्हणजे मूळ भाषेत आणि खाली फ्रेंच सबटायटल्स. व्हीएफ म्हणजे फ्रेंचमध्ये डब केलेला. मी पहिल्यांदा हे न बघता तिकीट काढलं आणि दोन तास एक अमेरिकन सिनेमा फ्रेंचमध्ये ऐकला. फ्रेंच तेव्हा ए-टू, म्हणजे जेमतेम कामचलाऊ पातळीचं होतं. पुढच्या वेळेपासून ती दोन अक्षरं तपासल्याशिवाय मी पैसे काढले नाहीत.

लक्षात घ्या, व्हीओमध्येही सबटायटल्स फ्रेंचच असतात. म्हणजे जपानी किंवा इराणी सिनेमा बघायचा तर आधार फ्रेंच अक्षरांचाच. फ्रेंच कच्चं असेल तर क्रम असा ठेवा. पहिले दोन दिवस इंग्रजी सिनेमे व्हीओमध्ये बघा: कानाला इंग्रजी, डोळ्यांना फ्रेंच. बोलण्यातलं फ्रेंच पुस्तकातल्या फ्रेंचपेक्षा किती वेगळं असतं ते इथे नीट दिसतं, कारण वाक्याचा अर्थ तुम्हाला आधीच कळलेला असतो. तिसऱ्या दिवशी एखादा असा सिनेमा निवडा ज्याची भाषा तुम्हाला अजिबात येत नाही. तेव्हा फ्रेंच वाचल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि पहिली वीस मिनिटं दमछाक झाली तरी नंतर वाचनाला वेग येतो.

फ्रेंच सिनेमाला अर्थातच सबटायटल्स नसतात. त्यावर दोन उपाय आहेत. काही खेळ कर्णबधिर प्रेक्षकांसाठी फ्रेंच सबटायटल्ससह होतात. वेळापत्रकात त्यांच्यापुढे ‘एस-एम-ई’ अशी अक्षरं असतात. भाषा शिकणाऱ्यासाठी याच्याइतकी चांगली सोय नाही, जे ऐकता तेच वाचता येतं. दुसरा उपाय म्हणजे ‘लॉस्ट इन फ्रेंचलेशन’. ही मंडळी वेगवेगळ्या थेटरांत फ्रेंच सिनेमे इंग्रजी सबटायटल्ससह दाखवतात, बऱ्याचदा दिग्दर्शकाशी गप्पाही असतात. तिथे परदेशी विद्यार्थी खूप येतात, एकटं वाटत नाही.

पैशांचं गणित

मोठ्या साखळी थेटरांत पूर्ण दराचं तिकीट सहज बारा-पंधरा युरोंपर्यंत जातं. ते आठवड्यातून अकरा वेळा शक्य नाही. पण लॅटिन क्वार्टरमधल्या छोट्या थेटरांत विद्यार्थी सवलतीत साधारण सात-आठ युरोंत काम होतं, आणि बऱ्याच ठिकाणी सकाळचा पहिला खेळ त्याहून स्वस्त असतो. मी रोजचा पहिला सिनेमा सकाळीच बघायचे. थेटर गरम असतं, गर्दी नसते, आणि दुपार लायब्ररीसाठी मोकळी राहते.

सवलतीसाठी स्टुडंट कार्ड सोबत हवंच, दारावर दाखवायला सांगतात. काही थेटरांत शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत विद्यार्थी सवलत चालत नाही, त्यामुळे तिकीटबारीवरचा दरफलक आधी वाचा. सव्वीस वर्षांखालच्यांना वेगळा दर असेल तर तो विद्यार्थी दरापेक्षा कमी असू शकतो. दोन्ही तपासा.

‘युजीसी इलिमिते’सारखी महिन्याच्या वर्गणीची कार्डं असतात, महिन्याला साधारण वीस युरोंच्या आसपास, सव्वीसच्या आतल्यांना थोडी कमी. ती अनेक स्वतंत्र थेटरांतही चालतात. महिन्याला तीन सिनेमे बघितले तरी पैसे वसूल. पण एका आठवड्याच्या उत्साहात घेऊ नका. किती महिने बांधून घ्यावं लागतं ती अट वाचा, आणि दोन वर्षं राहणार असाल तरच घ्या. मी हा आठवडा संपल्यावर घेतलं, आधी नाही.

फेब्रुवारीची सुट्टी हुकली तर आणखी दोन संधी असतात. मार्चमध्ये ‘प्रँताँ द्यु सिनेमा’चे तीन दिवस आणि जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला ‘फेत द्यु सिनेमा’चे चार दिवस, तेव्हा सगळीकडे तिकीट पाच युरो. ‘फेत’ १९८५ पासून सुरू आहे.

तिकिटातल्या एका गोष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के विशेष कर लागतो, आणि तो पैसा राष्ट्रीय सिनेमा केंद्रामार्फत पुन्हा सिनेमातच जातो: नवे सिनेमे बनवायला, छोटी थेटरं चालू ठेवायला. म्हणजे कोपऱ्यावरच्या साठ खुर्च्यांच्या थेटरात सकाळी अकराला जुना सिनेमा सातजणांसाठी लागतो, त्यात पलीकडच्या मल्टिप्लेक्समधल्या हॉलिवूडच्या प्रेक्षकांचाही वाटा असतो. आपल्या गावातली एकपडदा थेटरं एकेक करून बंद होताना पाहिलेल्याला हे बघून आत काहीतरी हलतं.

पहिले दोन दिवस: शांपोलियाँचा रस्ता

सुरुवात सोरबॉनच्या पाठीशी असलेल्या ऱ्यू शांपोलियाँवर करा. क्ल्युनी-सोरबॉन स्टेशनवर उतरलं की दोन मिनिटांवर. जेमतेम शंभर पावलांच्या या गल्लीत तीन थेटरं आहेत: ल शांपो, रफ्ले मेदिसीस आणि फिल्मोतेक द्यु कार्तिए लातँ. शांपो १९३८ पासून आहे. तिथल्या एका पडद्यावर प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन येतो, पेरिस्कोपसारखा, कारण जागा तेवढीच होती. शांपोमध्ये अधूनमधून रात्रभराचा कार्यक्रमही असतो: लागोपाठ तीन सिनेमे आणि पहाटे न्याहारी.

तिकीटबारीवर आधी ‘बाँझूर’ म्हणा. ते न म्हणता थेट सिनेमाचं नाव घेतलं तर समोरची व्यक्ती दुखावते, इथे तो उद्धटपणा समजतात. मग ‘युन प्लास, तारीफ एत्युदियाँ, सिल व्हू प्ले’, म्हणजे एक तिकीट, विद्यार्थी दरानं. एवढ्या एका वाक्यावर माझा आठवडा निघाला. दारात पिशवी उघडून दाखवावी लागू शकते, त्यामुळे मोठी सॅक नेऊ नका.

आत बऱ्याच ठिकाणी खुर्चीचे नंबर नसतात, जो आधी येईल तो बसेल. जुन्या थेटरांत जमिनीला उतार कमी असतो. समोर उंच माणूस बसला की सबटायटल्स झाकली जातात, आणि आपलं तर त्याच्यावरच सगळं अवलंबून. म्हणून दहा मिनिटं आधी पोचून मधल्या वाटेलगतची खुर्ची धरा.

मध्यंतर नसतं. तीन तासांचा सिनेमा असला तरी नसतं. आधीच स्वच्छतागृहात जाऊन या, पाण्याची बाटली जवळ ठेवा. छोट्या थेटरांत पॉपकॉर्न बहुतेक मिळत नाही आणि कुणी खातही नाही. चिवड्याची पिशवी उघडल्याचा आवाज चार रांगांपर्यंत जातो. मोठ्या साखळी थेटरांत सांगितलेल्या वेळेनंतर पंधरा-वीस मिनिटं जाहिराती आणि ट्रेलर चालतात. छोट्या थेटरांत ते थोडक्यात आटपतं, तिथे उशीर करू नका. आणि श्रेयनामावली संपेपर्यंत लोक उठत नाहीत. दिवे लागेपर्यंत बसून राहायची ती सवय मला या आठवड्यात लागली.

दुपारचं जेवण क्रूस या सरकारी विद्यार्थी-सेवा संस्थेच्या खानावळीत घ्या, या भागात त्या अनेक आहेत आणि बाहेरच्या हॉटेलच्या पाव भावात पोटभर मिळतं. शनिवार-रविवारी बहुतेक बंद असतात, तेव्हा खोलीतून डबा न्या.

शुक्रवार: सिनेमातेक

तिसरा दिवस अख्खा सिनेमातेक फ्राँसेझ या फिल्म संग्रहालयाला द्या. बेर्सी स्टेशन, सहा किंवा चौदा नंबरची मेट्रो. फ्रँक गेरीनं बांधलेल्या या इमारतीत सिनेमातेक २००५ मध्ये आलं, पण संस्था १९३६ ची. आँरी लांग्ल्वा आणि जॉर्ज फ्राँज्यू या दोन तरुणांनी जुनी फिल्म-रिळं गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा मूकपट निकामी समजून फेकले जात होते. १९६८ च्या फेब्रुवारीत सरकारनं लांग्ल्वांना पदावरून काढलं, तर दिग्दर्शक आणि प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये त्यांना परत आणावं लागलं. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या, १९६४ साली स्थापन झालेल्या आपल्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी गावोगाव जाऊन रिळं जमवली, तीच जिद्द ही. पुण्यात शिकलेल्यांना इथे पाऊल टाकताच ओळखीचं वाटेल.

इथे जाहिराती नसतात, सिनेमा ठरल्या वेळी सुरू होतो. एका दिग्दर्शकाचे सगळे सिनेमे लागोपाठ दाखवणारे महोत्सव चालतात. त्यातला एखादा दिग्दर्शक धरून दोन सिनेमे बघा, एक त्याच्या तरुणपणीचा आणि एक उतारवयातला. मधल्या वेळात वर मेलिएस संग्रहालय आहे ते बघा (मेलिएस म्हणजे सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातला जादूगार-दिग्दर्शक). सिनेमातेक मंगळवारी बंद असतं, म्हणून शेवटच्या दिवसावर टाकू नका.

रविवारी सकाळी एक फेरफटका

रविवारी सकाळचा सिनेमा सोडा आणि ऑपेराजवळच्या बुलव्हार दे काप्युसीनवर या. १४ नंबरच्या घरात ग्राँ काफे नावाचं कॉफीगृह होतं. त्याच्या तळघरातल्या दालनाचं नाव ‘सालाँ आँदियँ’, म्हणजे भारतीय दालन. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी तिथे पहिल्यांदा लोकांना तिकीट लावून हलती चित्रं दाखवली. तिकीट एक फ्रँक, प्रेक्षक तेहेतीस.

सात महिनेही झाले नव्हते, तोच ७ जुलै १८९६ रोजी तीच चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, एक रुपयाच्या तिकिटात. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजेच ती इमारत. ग्राँ काफेत त्या रात्री जॉर्ज मेलिएस हा जादूगार बसला होता. त्यानं तिथेच यंत्र विकत मागितलं. ल्युमिएरांनी दिलं नाही, म्हणून त्यानं लंडनहून आणलं. मुंबईत तो खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपले सावे दादा, यांनीही कॅमेरा मागवला, तोही लंडनहूनच, आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. मेलिएस संग्रहालय शुक्रवारी बघून झालेलं असतं, त्यामुळे रविवारी इथे उभं राहिलं की या दोन माणसांची गोष्ट एकमेकीला जाऊन मिळते. आज तिथे हॉटेल आहे, आत जायची गरज नाही. फलक बाहेरून वाचता येतो.

मोठा पडदा, संध्याकाळी

आठवड्यातला एक सिनेमा तरी भव्य थेटरात बघा. ग्राँ रेक्स १९३२ चं, सुमारे २७०० खुर्च्यांचं, आणि छतावर चांदण्या. बॉन नुव्हेल स्टेशनच्या समोरच. तमिळमधल्या मोठ्या ताऱ्यांचे सिनेमे इथे लागतात, आणि एरवी शांत बसणाऱ्या पॅरिसमध्ये त्या रात्री शिट्ट्या आणि टाळ्या ऐकू येतात. घरची आठवण फार आली असेल तर वेळापत्रकात असा खेळ शोधा.

मला स्वतःला लुक्सोर जास्त जवळचं वाटतं. बार्बेस-रोशशुआर स्टेशनच्या कोपऱ्यावर, १९२१ मध्ये इजिप्शियन धाटणीत बांधलेलं, बाहेर मोझेइकचं काम. १९८० च्या दशकात बंद पडलं, नाइटक्लब झालं, मग पॅरिस महापालिकेनं ते विकत घेतलं आणि दुरुस्त करून २०१३ मध्ये पुन्हा सिनेमासाठी उघडलं. मोठ्या सभागृहाला इजिप्तचे दिग्दर्शक युसेफ शाहीन यांचं नाव दिलंय. महापालिका थेटर विकत घेते आणि पुन्हा थेटरच करते, यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसेना. खेळ सुटल्यावर तिथून मेट्रोनं एकच स्टेशन पुढे ला शापेल. तिथल्या तमिळ खाणावळींत गरम डोसा मिळतो. फेब्रुवारीच्या थंडीत सिनेमानंतर तो खाल्ला की आठवड्याचा शीण जातो.

रात्री उशिराचा खेळ घेतलात तर परतीचं आधी ठरवा. शेवटची मेट्रो एरवी साधारण रात्री सव्वा वाजता, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री सव्वादोनच्या सुमारास. त्यानंतर नोक्तिलियँच्या रात्रीच्या बस असतात, पण तुमच्या खोलीजवळून कुठली जाते ते फोनमध्ये आधीच बघून ठेवा. एकट्या राहणाऱ्या मुलींनी उशिराचे खेळ शक्यतो खोलीजवळच्या थेटरात घ्यावेत. मीही तेच करत होते.

वही

दिवसाला दोनच्या वर सिनेमे बघू नका. एका दिवशी मी तीन बघितले आणि दुसऱ्या दिवशी मधला सिनेमा आठवेना. सिनेमा सुटल्यावर लगेच मेट्रोत शिरण्याऐवजी एक स्टेशन चालत जा. तेवढ्यात डोक्यात काय उरलंय ते कळतं. रात्री वहीत तीन गोष्टी लिहा: सिनेमातलं एक दृश्य, सबटायटल्समधून मिळालेले पाच फ्रेंच शब्द, आणि थेटरापासून पुढच्या स्टेशनपर्यंत दिसलेलं काहीतरी. सात दिवसांनी माझ्याकडे पन्नासेक शब्द जमले होते, आणि त्यातले बहुतेक अजून लक्षात आहेत. पाठ्यपुस्तकातल्या शब्दांचं तसं झालं नाही, कारण या प्रत्येक शब्दामागे कुणाचा तरी चेहरा आहे.

एकटं जायला संकोच वाटेल. आपल्याकडे सिनेमाला एकट्यानं, त्यातून एकट्या मुलीनं जाणं म्हणजे लोक वळून बघतात. इथे सकाळच्या खेळाला सगळेच एकटे असतात: पेन्शनर आज्या, विद्यार्थी, कामावर जाण्याआधी डोकावणारे. कुणी कुणाकडे बघत नाही. तिसऱ्या दिवशी तर रफ्ले मेदिसीसच्या पायऱ्यांवर शेजारच्या आजींनी मला आपणहून विचारलं, सिनेमा कसा वाटला म्हणून. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये दोन वाक्यं बोलले. कॉलेजच्या बाहेर कुणाशी झालेलं माझं ते पहिलं फ्रेंच संभाषण.

मंगळवारचा दिवस अशा सिनेमासाठी ठेवा जो त्या दिवशी उतरणार आहे. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक सोमवारी संध्याकाळपर्यंत दिसायला लागतं, त्यात ज्याचं नाव नाही तो मंगळवारी शेवटचा. खोलीजवळच्या थेटरात रात्री साडेआठचा खेळ घ्या. बुधवारी सकाळी कॉलेज पुन्हा सुरू होतं, आणि त्याच सकाळी किऑस्कवर नवा अंक आलेला असतो.